‘कॅशबॅकचं गाजर’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंय त्यातलं बरंच खरं आहे, म्हणून उत्तरही इथेच, सगळ्यांसमोर देतोय. तुमची तक्रार अशी: कॅशबॅकच्या साइटवरून आमच्याकडे आलात, 2,100 रुपयांची वेणीची कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) मागवली, साइटवर 8 टक्के कॅशबॅक ‘ट्रॅक झाला’ असं दिसलं आणि महिन्याभराने तोच ‘कॅन्सल’ झाला. फोन केलात तर आमच्या माणसाने ‘कॅशबॅकवाल्यांचं आम्ही बघत नाही, साइटला विचारा’ म्हणून ठेवून दिला. पुढे तुम्ही लिहिलंय, ‘आधी किंमत वाढवायची, मग गाजर दाखवून गिऱ्हाईक ओढायचं आणि शेवटी पैसे दाबायचे.’

काल रात्री तुमची ऑर्डर काढून बसलो. तुम्ही 7 नंबर घेतला होता, अंगठा आवळत होता म्हणून 8 नंबर मागितलात. तो आम्ही बदलून दिला. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर बदलायचा म्हणजे जुनी ऑर्डर रद्द करायची आणि शून्य रुपयांची नवीन काढायची, अशी पद्धत होती. महिनाअखेरीस अ‍ॅफिलिएट नेटवर्ककडून, म्हणजे दुकान आणि कॅशबॅक साइट यांच्यातला हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडून, विक्रीची यादी येते. त्यातली कुठली विक्री टिकली आणि कुठला माल परत आला, ते आम्ही कळवायचं असतं. तुमच्या ऑर्डरपुढे ‘रद्द’ होतं, तेच पुढे गेलं. चप्पल तुमच्या पायात, पैसे आमच्या खात्यात, आणि यादीत मात्र विक्रीच नाही. यात साइटची काहीच चूक नव्हती. चूक आमची.

पैसे दाबले का, याचंही सरळ उत्तर देतो. 2,100 मध्ये 5 टक्के जीएसटी धरलेला आहे, मूळ किंमत 2,000. त्यावर आम्ही साइटला 10 टक्के, म्हणजे 200 रुपये कमिशन देतो. त्यातले 160 ती तुम्हाला देते, 40 स्वतःकडे ठेवते. (तुम्ही 168 धरले होते, तो 8 रुपयांचा फरक जीएसटीचा.) ऑर्डर रद्द दाखवल्यावर हे 200 रुपये आमच्याकडेच राहिले. तसा हेतू नव्हता, पण राहिले हे खरं आहे.

आता फोनवरचं बोलणं. ते मला जास्त लागलं, कारण त्या मुलाने माझंच वाक्य तुम्हाला ऐकवलं. दोन वर्षांपूर्वी कॅशबॅक सुरू केला तेव्हा मी दुकानात उघडपणे म्हणायचो, की हे गिऱ्हाईक उंबऱ्यात आलेलंच होतं, आपण उगाच 10 टक्के घालवतोय. त्याला कारणही होतं. ऑर्डरी उघडून पाहिल्या तर कॅशबॅक साइटवरचा क्लिक पैसे भरण्याच्या चार-पाच मिनिटं आधीचा असायचा. चप्पल आधीच कार्टमध्ये पडलेली. हिशेबाची रीत अशी, की शेवटचा क्लिक ज्याचा त्याला सगळं कमिशन. इचलकरंजीची एक मुलगी आमच्या चपलांचे व्हिडिओ करते, कातड्याला तेल कसं लावायचं, पावसात का घालायची नाही, सगळं नीट दाखवते. लोक तिचं बघून यायचे, मग पैसे भरण्याआधी कॅशबॅक साइटवर एक चक्कर मारून परत यायचे. कुकी, म्हणजे गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली नोंद, साइटची बसायची आणि तिच्या वाट्याला काहीच यायचं नाही. याचा मला राग होता, आणि तो मी चुकीच्या माणसांवर, म्हणजे तुमच्यासारख्यांवर काढत होतो.

मग एकदा 3 आठवडे कॅशबॅक बंद ठेवून पाहिला. जुनी गिऱ्हाइकं तशीच येत राहिली. पण बेंगळुरू, इंदूर, जिथे आमचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिथून येणाऱ्या नवीन ऑर्डरी रोडावल्या. अनोळखी दुकानातून, पाय न घालता चप्पल घ्यायला माणूस बिचकतो. दीड-दोनशे रुपये परत मिळणार असतील तर तो एकदा घेऊन बघतो. जाहिरातीत तसं नाही, तिथे नुसता क्लिक झाला तरी पैसे जातात, कुणी घेवो न घेवो. विक्री झाल्यावरच कमिशन द्यायचं ही पद्धत अ‍ॅमेझॉनने 1996 साली असोसिएट्स योजनेतून रुळवली, आणि आमच्यासारख्या कारागिराला रोखीने मजुरी देणाऱ्या लहान दुकानाला तीच परवडते. शिवाय आमचा कॅशबॅक आगाऊ पैसे भरणाऱ्यालाच आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं की जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर पडतं, ते इथे होत नाही.

त्या प्रयोगानंतर दर वेगळे केले. नवीन गिऱ्हाइकावर 10 टक्के, जुन्यावर 3. त्या मुलीला तिचा स्वतःचा कोड दिला. तो वापरला की शेवटचा क्लिक कुणाचाही असो, तिचं कमिशन तिला आणि साइटचं साइटला, दोन्ही आम्ही देतो. माझं मत बदललं, पण दुकानातल्या मुलांना ते बसून सांगायचं राहून गेलं. त्या बोलण्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो.

किंमत वाढवल्याचा आरोप मात्र मान्य नाही. हीच कापशी कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या आमच्या दुकानात 2,100 लाच मिळते. कधीही येऊन बघा. कॅशबॅकचे पैसे जाहिरातीच्या खर्चातून जातात.

आज सकाळी नेटवर्कला दुरुस्ती पाठवली, तुमची विक्री मंजूर केली आहे. 160 रुपये साइटवरच्या तुमच्या खात्यात येतील. 30 दिवसांत आले नाहीत तर याच ऑर्डर क्रमांकावर निरोप टाका, मी यूपीआयने पाठवतो. दिवाळीपासूनच्या नंबर बदललेल्या सगळ्या ऑर्डरीही तपासल्या. आणखी 19 जणांचा कॅशबॅक असाच गेला होता, त्यांचीही दुरुस्ती त्याच यादीत आहे. नंबर बदलला तरी मूळ ऑर्डर आता रद्द होत नाही.

आणि 8 नंबरचाही अंगठा आवळत असेल तर आतून बोटभर खोबरेल लावून चार दिवस घरातल्या घरात घाला. तरीही सैल झाला नाही तर पाठवून द्या, पट्टा उसवून नव्याने शिवून देतो. भाडं आमचं.