उत्क्रांतीचं झाड वाटेल त्या आकड्यांवरून निघत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उत्क्रांतीचे वृक्ष, म्हणजे कोण कोणापासून आलं हे दाखवणारी झाडं, ही साम्य बघून अंदाजाने काढलेली चित्रं, आकडे कुठलेही द्या, संगणक झाड काढूनच देतो, आणि कॅन्सरच्या बाबतीत तर झाड ही नुसती उपमा, रुग्णाला तिचा उपयोग शून्य. तिन्ही विधानं चुकीची आहेत. तिसरं घातकही आहे.

आधी आकड्यांचं. सांगितलं तर संगणक झाड काढून देतो, एवढं खरं. पण आकडे झाडात बसतात का, हे तपासता येतं. अ, ब, क, ड हे चार जीव घ्या. त्यांच्यातली अंतरं, म्हणजे कोणते दोन एकमेकांपासून किती वेगळे, अशी: अब ५, कड ६, अक ७, बड १२, अड ११, बक ८. दोन-दोन अंतरं जोडून (अब+कड, अक+बड, अड+बक) बेरजा येतात ११, १९ आणि १९. मोठ्या दोन बेरजा सारख्या, म्हणजे झाड आहे: एकीकडे अ-ब, दुसरीकडे क-ड, आणि मधल्या फांदीची लांबी फरकाच्या निम्मी, ४. आता बक ८ ऐवजी १० करून बघा. बेरजा ११, १९, २१. हे आकडे जसेच्या तसे कुठल्याच झाडात बसणार नाहीत. पीटर बुनेमन यांनी १९७१ साली मांडलेली ही चार बिंदूंची अट. खऱ्या माहितीत थोडीफार ओढाताण असतेच, पण ती किती हे मोजता येतं. जिवाणू एकमेकांना जनुकं आडवी, म्हणजे पिढीतून न जाता थेट, देतात, तिथे अभ्यासक झाडाचा हट्ट न धरता जाळं काढतात.

अंदाजाचा आरोप तर १९८२ सालीच तपासला गेला. ११ जातींची, मूळ (सगळ्यांचा पूर्वज कुठे ते) न ठरवलेली, ३,४४,५९,४२५ झाडं शक्य असतात. पेनी, फाउल्ड्स आणि हेंडी या संशोधकांनी पाच प्रथिनांवरून स्वतंत्रपणे सर्वांत योग्य झाडं शोधली. ती एकमेकांशी कमालीची जुळली. जवळपास साडेतीन कोटींतून असं योगायोगाने होत नाही.

आता कॅन्सर. गाठीतल्या पेशींची वंशावळ असते, हे पीटर नोवेल यांनी १९७६ सालीच मांडलं. समजा, एक म्युटेशन (डीएनएमधला बदल) ८० टक्के पेशींत आहे आणि दुसरं ६० टक्के. बेरीज शंभराच्या वर गेली, म्हणजे काही पेशींत दोन्ही असणारच. प्रत्येक म्युटेशन एकदाच घडलं आणि टिकून राहिलं असं धरलं, तर दोन्ही एकाच वंशातली आणि ८० टक्क्यांचं आधीचं. हेच ४० आणि ३० असते, तर एवढ्यावरून काहीच ठरलं नसतं. कुठे थांबायचं हे गणितच सांगतं, आणि मला ही त्याची सगळ्यात मोठी ताकद वाटते. अर्थात कॅन्सरमध्ये गुणसूत्राचा तुकडा गळून म्युटेशन नाहीसंही होतं. म्हणून एकेका पेशीचा डीएनए वाचून हे गृहीतक तपासावं लागतं.

रुग्णाला उपयोग? २०१२ साली मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या गाठींचे अनेक ठिकाणचे नमुने तपासले गेले. ६३ ते ६९ टक्के म्युटेशन्स सगळ्या भागांत सापडली नाहीत. एकाच गाठीत आजाराचं भवितव्य चांगलं दाखवणाऱ्या खुणा एका भागात, वाईट दाखवणाऱ्या दुसऱ्या भागात होत्या. म्हणजे एकाच जागेचा तुकडा तपासून ठरवलेलं औषध एखाद्याच फांदीपुरतं असू शकतं. खोडातलं, म्हणजे सगळ्या गाठीत असलेलं म्युटेशन कुठलं आणि फांदीतलं, म्हणजे काही भागांतच असलेलं कुठलं, हे औषध निवडण्याआधी कळायला हवं, आणि ते झाड काढल्याशिवाय कळत नाही.