म्हणे फक्त जर्सी बदलतात

ते मीम परत फिरायला लागलंय, की ईए ही गेम कंपनी १९९३ पासून दरवर्षी तोच फिफा नावाचा फुटबॉल व्हिडिओ गेम विकतंय, फक्त जर्सी बदलतात, कोनामी कंपनीचा पीईएसच खरा गेम होता आणि आता ईएच्या गेमचं फिफा हे नाव गेलं म्हणजे प्लेयरपण नकली येणार.

आधी 'तोच गेम' बघू. १९९३ चा पहिला गेम तिरक्या कॅमेऱ्याचा, क्लब एक नाही, नुसते देश, आणि प्लेयरांची नावं सगळी बनावट! क्लब फिफा ९५ मध्ये आले, खरी नावं अन थ्रीडी स्टेडियम फिफा ९६ मध्ये. फिफा १० येईपर्यंत बॉल घेऊन आठच दिशांना वळता यायचं, मग ३६० डिग्री ड्रिब्लिंग आलं. आणि फिफा १२ चं टॅक्टिकल डिफेंडिंग आठवा, आधी बटन दाबून धरलं की डिफेंडर आपोआप जाऊन बॉल काढायचा, ते गेलं आणि टॅकल स्वतः टायमिंगवर करायची वेळ आली, तेव्हा हेच लोक बोंबलत होते की गेम का बदलला. त्याच वर्षी टकरींचं फिजिक्स आलं, प्लेयर एकमेकांना मिठ्या मारून पडायचे, हसून पोट दुखायचं.

पीईएस भारी होतं? प्लेस्टेशन २ च्या काळात होतंच, वादच नाही. पण २०२१ मध्ये त्याच कोनामीने पीईएसच्या जागी ईफुटबॉल काढला तेव्हा प्लेयरांचे वेडेवाकडे चेहरे बघितले होते का भावांनो.

नकली प्लेयरचं तर काहीच्या काही. नावं फिफप्रो या खेळाडूंच्या संघटनेकडून येतात, लीग आणि क्लबशी करार वेगळे, त्यात फिफा या संघटनेचा संबंध नाही. बॉक्सवर फिफा छापलेलं असतानाच फिफा २० मध्ये लायसन्स नसल्यामुळे युव्हेंटस क्लबचं नाव पिएमोंते काल्चो झालं होतं की! आणि आपली मुंबई सिटी, एफसी गोवा फिफा २२ मध्ये आले ते आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगच्या लायसन्समुळे.

जर्सीवाली गोष्ट एका ठिकाणी मात्र शंभर टक्के खरी होती, निनटेंडोच्या स्विच कन्सोलवरच्या लेगसी एडिशन, फिफा २३ पर्यंतच्या. तिथे खरंच नवे किट, नवे स्क्वॉड, बाकी गेम जुनाच असायचा. मीम त्यावर बनवा ना. कोनामीने २०२० मध्ये पीईएस २०२१ सरळ 'सीझन अपडेट' म्हणून कमी किमतीत विकला, ईएकडे पण तेच मागा, ते मीम मी स्वतः फॉरवर्ड करतो.