‘सगळे कपॅसिटर बदलून टाका’ या सल्ल्याला उत्तर

जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र, बंद पडला तर दोष शोधत बसू नये, आतले सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) एका बैठकीत बदलावेत आणि मोकळे व्हावे, असा सल्ला हौशी दुरुस्तीकारांमध्ये व्हॉट्सॲपवरून वारंवार फिरत असतो. त्यात साधारण चार विधाने असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या उपकरणात दोष कपॅसिटरचाच असतो. मोजमापापेक्षा बदलणे जलद आणि स्वस्त पडते. नवा कपॅसिटर मुळापेक्षा जास्त मायक्रोफॅरडचा, म्हणजे जास्त धारितेचा, घातला तर चांगलेच. आणि नवे भाग घातल्याने नुकसान तर काही होत नाही. माझ्या मते यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे आणि चौथे चुकीचे आहे, आणि तिसरे उपकरणाला धोकादायक आहे.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. कपॅसिटर म्हातारे होतात हे खरे. पण सगळे एकाच रीतीने होत नाहीत. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, त्यामुळे त्याची धारिता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे ज्याला आपण ईएसआर म्हणतो तो, वाढतो. टँटॅलमचा मण्यासारखा कपॅसिटर मात्र वर्षानुवर्षे ठणठणीत असतो आणि एके दिवशी अचानक शॉर्ट होतो. १९७२ साली बाजारात आलेला टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या आत −८, +५, +१५, +५५ आणि +११० व्होल्टचे पुरवठे असतात आणि कमी व्होल्टच्या पुरवठ्यांवर जागोजागी टँटॅलमचे मणी बसवलेले असतात. त्यातला एक मणी शॉर्ट झाला की तो पूर्ण पुरवठा खाली बसतो आणि पडद्यावरची रेघ नाहीशी होते. येथे दोषी कपॅसिटरच आहे, पण तो एकच आहे. त्याच्या शेजारच्या निर्दोष कपॅसिटरांना शिक्षा करण्याचे कारण त्यातून निघत नाही.

शिवाय रेघ न दिसण्याची कितीतरी कारणे कपॅसिटरपर्यंत पोहोचतच नाहीत. ट्रिगर, म्हणजे रेघ कधी सुरू करायची हे ठरवणारी सोय, ‘नॉर्मल’वर ठेवलेला असेल आणि इनपुटला सिग्नल नसेल, तर धडधाकट स्कोपही रेघ दाखवणार नाही; ‘बीम फाइंड’चे बटण दाबून रेघ पडद्याबाहेर तर गेलेली नाही ना हे पाहायला पाच सेकंद लागतात. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्स स्कोपमधले पुष्कळ ट्रान्झिस्टर झाळलेले नसून सॉकेटमध्ये खोचलेले असतात, आणि कोकणातल्या दमट हवेत चार पावसाळे काढलेल्या उपकरणात ते उपसून पुन्हा बसवले एवढ्यानेच दोष गेल्याचे पाहायला मिळते. ॲटेन्युएटरच्या, म्हणजे आत येणारा सिग्नल मापात लहान करणाऱ्या भागाच्या, स्विचचे संपर्क काळवंडले असतील तर एका पट्टीवर सिग्नल येतो आणि पुढच्या पट्टीवर गायब होतो. कपॅसिटरची अख्खी पिशवी रिकामी केली तरी हा दोष हलणार नाही.

आता ‘मोजण्यापेक्षा बदलणे जलद’ या विधानाकडे वळतो, कारण सल्ल्याचे खरे आकर्षण त्यातच आहे. मोजायला लागते किती? उपकरण बंद ठेवून, भरलेले कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, प्रत्येक पुरवठ्याचा चासीशी, म्हणजे धातूच्या सांगाड्याशी, असलेला रोध मल्टीमीटरने पाहावा. एखादा पुरवठा दोन-तीन ओहम दाखवत असेल तर अर्धे निदान तेथेच झाले. रोध ठीक वाटले तर ट्रान्सफॉर्मरवर चालणारा स्कोप पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, म्हणजे साधा पिवळा बल्ब मध्ये घेऊन, चालू करावा. स्विचिंग सप्लायचा (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्या पुरवठ्याचा) स्कोप मात्र बल्बावर नीट सुरूच होत नाही आणि उगाच दिशाभूल करतो. मग ४६५ ची पाचही व्होल्टेज सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादांशी ताडून पाहावीत. या पिढीच्या स्कोपमध्ये बहुधा एक पुरवठा बाकीच्यांचा संदर्भ असतो, त्यामुळे तोच चुकला असेल तर बाकीच्यांचे आकडे पाहून घाबरण्यात अर्थ नसतो.

रिपल, म्हणजे डीसी पुरवठ्यावर उरलेली लहर, तर त्याहून बोलका असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतरचा) रिपल १०० हर्ट्झचा असायला हवा. १०० हर्ट्झचाच रिपल प्रमाणाबाहेर वाढला असेल तर फिल्टर कपॅसिटरवर संशय घेणे योग्य आहे. पण तो ५० हर्ट्झचा दिसत असेल तर ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला आहे. सगळे कपॅसिटर बदलणारा मनुष्य हा डायोड तसाच ठेवून उपकरण पुन्हा बंद करील आणि नव्या कपॅसिटरांच्या दर्जाला दोष देईल.

शॉर्ट झालेला मणी शोधण्यासाठीही बोर्ड सोलून काढावा लागत नाही. मुख्य वीज काढून, बेंच सप्लायवर (टेबलावरच्या, व्होल्टेज आणि प्रवाह ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर) एक व्होल्टच्या आतबाहेर व्होल्टेज आणि काही शे मिलिअँपिअरची मर्यादा ठेवून तो त्या पुरवठ्याला जोडावा आणि मीटरच्या मिलिव्होल्ट पट्टीवर ट्रॅकच्या कडेकडेने जावे. व्होल्टेज शॉर्टच्या दिशेने थोडे थोडे उतरत जाते आणि शॉर्टच्या पुढे गेले की उतरायचे थांबते. जेथे ते सर्वांत कमी, तेथला मणी एका पायाने उचलून पाहावा. सवय झाली की या कामाला अर्धा तासही लागत नाही. साठ-सत्तर कपॅसिटर काढून-घालून होईपर्यंत मात्र रविवार संपतो.

जास्त मायक्रोफॅरडचे विधान ऐकायला तर्कशुद्ध वाटते. इलेक्ट्रोलिटिकची सहनसीमा मुळातच सैल असते, त्यामुळे थोडी वाढ चालते, हे मान्य. पण फिल्टर कपॅसिटर दुप्पट-तिप्पट केला की चालू करतानाचा प्रवाहाचा धक्का वाढतो, आणि नंतरही तो दर अर्ध्या आवर्तनात कमी वेळात, अधिक उंच शिखराने भरला जातो. हा ताण डायोड आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यावर येतो. जुन्या स्कोपचा ट्रान्सफॉर्मर जळला तर तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही मिळत नाही. रेग्युलेटरच्या बाहेर टँटॅलमच्या जागी अगदी कमी ईएसआरचा सिरॅमिक घातल्याने काही मंडले आंदोलनात जातात, म्हणजे आपोआप थरथरणारे व्होल्टेज देऊ लागतात. सर्वांत वाईट म्हणजे ‘सगळे’ या शब्दात टाइमबेसचे, म्हणजे रेघ पडद्यावर आडवी किती वेगाने सरकते (स्वीप) हे ठरवणाऱ्या भागाचे, कपॅसिटरही येतात. ते अचूकतेसाठी निवडून, जुळवून बसवलेले असतात. ते बदलले की स्वीपचा वेग चुकतो आणि मोजण्याचे यंत्रच खोटे बोलू लागते.

‘नुकसान काही होत नाही’ या विधानाला माझ्याकडे स्वतःचे उत्तर आहे. शिकाऊ असताना मी एका स्कोपचे तेवीस कपॅसिटर बदलले. मूळ दोष होता तेथेच राहिला, बोर्डावरचे दोन पॅड (भागाचे पाय जोडण्याच्या तांब्याच्या टिकल्या) उखडले, आणि ऋण पुरवठ्यावरच्या एका कपॅसिटरचा धन पाय ग्राउंडकडे जातो हे विसरून मी तो उलटा बसवला. तो फुटला तेव्हा घरातल्यांनी जेवणाचे ताट सोडून माझ्या खोलीकडे धाव घेतली. त्यानंतर मूळ दोष कोणता आणि मी निर्माण केलेला कोणता, हे वेगळे काढण्यात दोन आठवडे गेले. ज्यांना ४६५ सारख्या स्कोपमध्ये हात घालायचा आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की चित्रनळीच्या कॅथोडवर −२४५० व्होल्ट असतात आणि ॲनोडला त्याहून कित्येक पट. तेथे गरजेपेक्षा जास्त वेळा हात घालणे शहाणपणाचे नाही.

न मोजता बदलावे असेही काही भाग आहेत. मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेच्या जोडणीवर, बसवलेले रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर कवचाचे कागदी कपॅसिटर तडकतात, ओल शोषतात आणि धूर काढतात; ते दिसले की काढावेत. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी या स्कोपच्या नंतरच्या उत्पादनात नियंत्रण बोर्डावरचे छोटे सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडलेले) इलेक्ट्रोलिटिक गळतात आणि गळलेला द्रव ट्रॅक खातो. ते सगळेच बदलावेत, बोर्ड धुवावा आणि कुरतडलेले ट्रॅक तपासावेत. मात्र त्याच बोर्डावर कॅलिब्रेशनचे (मोजमाप अचूक ठेवणाऱ्या जुळवणीचे) आकडे सांभाळणारी, पोटात लिथियम सेल असलेली मेमरी चिप बसलेली असते, आणि तिचा सेल संपला की ते आकडे जातात. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्यापूर्वी स्कोपच्या स्वतःच्या निदान-मेन्यूतून ते आकडे पडद्यावर आणून एकेक करून वहीत उतरवून घ्यावेत.