‘रेड हॅट १० मध्ये नवीन काहीच नाही’ : एकेका मुद्द्याला उत्तर

सिस्टीम ॲडमिन मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० (रेड हॅट कंपनीची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) म्हणजे आकडा बदललेली जुनीच प्रणाली. पॅकेजं (सोबत येणारी सॉफ्टवेअरं) शिळी. नवं म्हणावं तर एक एआय सहाय्यक. क्वांटमची भाषा विक्रीसाठी. जुने सर्व्हर मुद्दाम बाद केले. आणि आधीच्या आवृत्तीला, ९ ला, २०३२ पर्यंत सपोर्ट असल्यामुळे तोवर १० कडे बघायचंही कारण नाही. हे वाचून लोक खरेदीचे आणि मायग्रेशनचे (नव्या आवृत्तीवर जाण्याचे) निर्णय पुढे ढकलताहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पॅकेजं शिळी असल्याचा आरोप सगळ्यात जास्त पटतो आणि तोच सगळ्यात जास्त चुकीचा आहे. १० ही आवृत्ती मे २०२५ मध्ये आली, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ६.१२ घेऊन. हा कर्नल नोव्हेंबर २०२४ चा, दीर्घकाळ सांभाळला जाणारा. म्हणजे प्रकाशनाच्या वेळी तो जेमतेम सहा महिन्यांचा होता. पण समजा तो दोन वर्षं जुना असता, तरी काय बिघडलं असतं? एंटरप्राइझ वितरणात आवृत्तीचा आकडा गोठवून ठेवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या, नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर, कधी कधी अख्खी नवी क्षमता मागच्या कोडमध्ये आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. ९ चा कर्नल आजही ५.१४ म्हणवतो, पण मे २०२२ मधला ५.१४ आणि आजचा ५.१४ यांत प्रचंड फरक आहे. हे काम किचकट असतं, त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही, आणि रेड हॅटचं मोठं केंद्र पुण्यात असल्यामुळे ते करणाऱ्यांत आपल्याकडचे अभियंतेही आहेत. आकडा पाहून ‘शिळं’ म्हणणं हा त्या कामावर अन्याय आहे.

दोन घटना पाहा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचा दरवाजा (मुद्दाम पेरलेली गुप्त वाट) सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर जाण्याच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यानं पाठपुरावा केला आणि जग वाचलं. तो दरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होता. रेड हॅटच्या एंटरप्राइझ आवृत्त्यांत ५.२ ची मालिका होती, त्यामुळे त्यांतली एकही बाधित झाली नाही. मजकूर ज्याला दोष म्हणतो, त्यानंच इथे बचाव केला.

दुसरी घटना जुलै २०२४ ची. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरमध्ये सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक) ही गंभीर त्रुटी जाहीर झाली. ती ओपनएसएसएच ८.५ पासून शिरली होती, त्यामुळे रेड हॅट ८ मधली ८.० सुटली आणि ९ मधली ८.७ सापडली. पॅच लगेच आला, पण आकडा ८.७ च राहिला, फक्त त्यापुढचा रिलीझचा भाग बदलला. नुसता बॅनर (सर्व्हर स्वतःहून सांगतो तो आवृत्तीचा आकडा) वाचणारे सुरक्षा-स्कॅनर पॅच लावल्यावरही ‘असुरक्षित’ असा शेरा देतात, आणि मग ऑडिटच्या बैठकीत ॲडमिनला खुलासे करत बसावं लागतं. अशा वेळी आरपीएमचा (पॅकेजच्या फाइलचा) चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, काढून त्यात सीव्हीईचा क्रमांक दाखवावा. पुरावा तो आहे, आवृत्तीचा पहिला आकडा नव्हे.

एआय सहाय्यकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते वेगळं पॅकेज आहे. बसवलं नाही तर सर्व्हरवर त्याचा काही संबंध येत नाही. ज्यांचे सर्व्हर इंटरनेटपासून तोडलेले आहेत त्यांनी त्याच्यावर वेळ घालवू नये.

या सहाय्यकावर बोट ठेवताना मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून इमेज मोड सुटला, याचं मात्र वाईट वाटतं. ९.४ मध्ये तो चाचणीसाठी दिला होता, १० मध्ये तो पूर्ण सपोर्टसह आहे. कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सारं एकत्र बांधलेलं गाठोडं) बनवतो तशी कंटेनरफाइल, म्हणजे कृतीची यादी, लिहायची, पण तिच्यातून तयार होते ती कर्नलसह संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम. ही इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या साठवणीत) ठेवायची आणि सर्व्हर तिच्यावरून बूट करायचे. यूएसआर डिरेक्टरी (प्रणालीचे प्रोग्राम) फक्त वाचता येते, ईटीसी (सेटिंग) आणि व्हीएआर (डेटा) तुमच्याच राहतात. पॅचिंगच्या रात्री काही बिघडलं तर आधीच्या इमेजवर परत जायचं, एका रीबूटमध्ये. शंभर सर्व्हर, प्रत्येकावर कुणीतरी कधीतरी हातानं केलेला वेगळा बदल, आणि रात्री दोनला त्यातला एकच वर येत नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना या एका सोयीची किंमत कळेल. सगळीकडे ती लागू पडणार नाही. डेटाबेसचा एकुलता एक जुना सर्व्हर नेहमीच्या पॅकेज पद्धतीनंच चालवावा. पण सारख्याच प्रकारचे अनेक सर्व्हर असतील तर हा बदल मोठा आहे.

आता क्वांटम, म्हणजे आजचं एन्क्रिप्शन तोडू शकेल अशा संगणकाचा मुद्दा. ‘असा संगणक अजून बनलाच नाही, मग घाई कशाला’ हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो. पण धोका त्या संगणकाच्या जन्मदिवशी सुरू होत नाही. आज वाहणारी एन्क्रिप्टेड माहिती कुणी साठवून ठेवली, तर दहा-पंधरा वर्षांनी ती उघडता येईल. आरोग्याच्या नोंदी, ओळखीची कागदपत्रं, दीर्घ मुदतीचे करार यांची गोपनीयता तेव्हाही लागणार आहे. म्हणूनच अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमसमोर टिकणारी तीन नवी मानकं पक्की केली. त्यांपैकी एमएल-केईएम किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी आहे, एमएल-डीएसए डिजिटल सहीसाठी. त्यानंतरच्या निस्टच्या मसुद्यात आरएसए आणि इलिप्टिक कर्व्हसारख्या एन्क्रिप्शनच्या आजच्या पद्धती २०३५ नंतर वापरू नयेत असं आहे. १० चं दहा वर्षांचं आयुष्य त्याच सुमारास संपतं. म्हणजे आज बसवलेला सर्व्हर निवृत्त होईल तेव्हा जुनी पद्धत चालणार नसेल. १०.० मध्ये या नव्या पद्धती बऱ्याच अंशी चाचणीच्या स्वरूपात होत्या, तेव्हाची टीका काहीशी रास्त होती. नोव्हेंबर २०२५ च्या १०.१ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३.५ आलं आणि या नव्या पद्धती मूळ सेटिंगमध्येच चालू झाल्या. याला विक्रीची भाषा म्हणता येत नाही.

‘जुने सर्व्हर मुद्दाम बाद केले’ यात अर्धं सत्य आहे. १० ला एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरची रचना) ची तिसरी पातळी लागते, म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे सूचना असलेला प्रोसेसर. इंटेलमध्ये ही क्षमता २०१३ च्या हॅसवेलपासून आहे. सर्व्हरच्या झिऑन ई५ प्रोसेसरची तिसरी पिढी चालते, दुसरी नाही. त्याहून जुन्या सर्व्हरचे सुटे भाग मिळवण्याची मारामार त्यांच्या मालकांना ठाऊकच आहे. ज्यांना ते ठेवणं भागच आहे त्यांच्यासाठी अल्मालिनक्सनं (रेड हॅटशी सुसंगत असलेलं मोफत लिनक्स) १० ची दुसऱ्या पातळीवर चालणारी वेगळी बांधणीही दिली आहे. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. हार्डवेअर नवं असतं, पण व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) जुन्या प्रोसेसरचं मॉडेल दाखवलेलं असतं, किंवा क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या गटात) एक जुना होस्ट असल्यामुळे सगळ्यांच्या क्षमता खाली बांधलेल्या असतात. मग १० बूट होताना अडतं आणि दोष प्रणालीला दिला जातो. आधी व्हर्च्युअल मशीनच्या आत एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवून एव्हीएक्स२ दिसतं का ते बघा.

राहिला २०३२ चा मुद्दा. तारीख खरी आहे, तिचा अर्थ चुकीचा लावलाय. ९ चा पूर्ण सपोर्ट मे २०२७ मध्ये संपतो. त्यानंतरची पाच वर्षं देखभालीची: गंभीर सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात, नव्या हार्डवेअरची साथ आणि नव्या क्षमता येत नाहीत. २०२८ मध्ये विकत घेतलेला सर्व्हर ९ वर नीट चालेलच याची हमी कुणी देणार नाही. आज ज्यांच्याकडे ९ सुरळीत आहे त्यांनी ते उद्या पाडू नये, हे मलाही मान्य आहे. पण नवी यंत्रणा आज उभी करताना ९ निवडलं, तर मोठ्या मायग्रेशनची तारीख आपण स्वतःहून तीन वर्षं अलीकडे ओढतो.

१० मध्ये दुखणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा त्या फिरणाऱ्या मजकुरात उल्लेखसुद्धा नाही. आयएफसीएफजी या जुन्या पद्धतीच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइली आता चालत नाहीत, नेटवर्कमॅनेजरच्या कीफाइलच लागतात. कित्येक कार्यालयांतली वर्षानुवर्षं चालत आलेली स्क्रिप्ट इथे मोडेल. ३२-बिट लायब्ररी गेल्या, त्यामुळे एखादा जुना व्यावसायिक क्लायंट बसणारच नाही. अनेक नेटवर्क जोडण्या एकत्र करण्याचं टीमिंग गेलं, त्याच कामासाठी बाँडिंगवर यावं लागेल. यंत्रांना नेटवर्कचा पत्ता देणारा जुना डीएचसीपी सर्व्हर जाऊन केआ आला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटा-स्टोअरनं परवाना बदलल्यावर त्याच्या जागी वाल्की आलं. पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स.ऑर्ग सर्व्हर काढला, जुन्या ॲपसाठी एक्सवेलँड ठेवलं आहे. ग्राफिकल इन्स्टॉलर दुरून चालवायला व्हीएनसीऐवजी आरडीपी लागतं (दोन्ही दुरून पडदा दाखवण्याच्या पद्धती). मायग्रेशनचा अंदाज बांधताना तास मोजायचे ते या यादीवरून. त्यासाठी खर्चही नाही: वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे आणि त्यात १६ सिस्टीम चालतात. एका व्हर्च्युअल मशीनवर १० बसवून तुमची नेटवर्कची स्क्रिप्ट आणि सर्वांत जुना क्लायंट तिथे चालवून बघा, काय मोडतं ते त्याच दिवशी कळेल.