लाल पानांची साथ

‘रोगट भाग काढून टाकला आहे. झाड वाचेल.’ कॉलनीतल्या मराठी ग्रुपवर असा मेसेज पडला, सोबत फोटो. फोटोतली कुंडी माझी, छाटणीचं सिकेटर माझं आणि कुंडीच्या पायाशी पडलेला लालभडक ढीग म्हणजे माझं शिन-देशोजो जातीचं जपानी मेपल. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. खाली येईपर्यंत मेसेजखाली टाळ्यांची रांग लागली होती.

शस्त्रक्रिया करणारे म्हणजे समोरच्या घरातले काका. पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेत. एप्रिलमध्ये माकडटोपी घालून आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या फुटपाथवरून फिरतात आणि लोकांच्या अंगणांची तपासणी करतात. ‘आम्ही खात्यात होतो’ असं सांगतात. कुठल्या खात्यात, हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या खात्याचा झाडांवर फार राग असावा.

तसा त्यांचा माझ्या मेपलवर आधीपासून डोळा होता.

“अहो, पानं लाल पडलीत.”

“काका, जपानी मेपल आहे. ही जातच तशी आहे. वसंतात पालवी लाल येते, उन्हाळ्यात हिरवट होते.”

“लाल का पण?”

इथे मी फसलो. मला विषय मिळाला की आवरत नाही. म्हटलं, कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं. कडक उन्हाने पान पोळू नये म्हणून झाड अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार करतं. पुढे हरितद्रव्य वाढलं की लाली मागे पडते.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे हरितद्रव्य कमी आहे.”

“आत्ता, तात्पुरतं.”

“तेच म्हणतोय मी. कमतरता. लोह घाला. आंबट ताक फवारा.”

“अहो काका, आपल्याकडे आंब्याची कोवळी पानं तांबूस नसतात का? चैत्रात पिंपळ बघा. सह्याद्रीत कोशिंब तर असा पेटतो की लांबून लोकांना फुलंच वाटतात.”

“आंब्याला पुढे आंबे येतात. याला काय येतं?”

“पंखवाल्या बिया.”

“खातात?”

“नाही.”

काका माझ्याकडे बघत राहिले. आमच्या लग्नात सासऱ्यांनी माझ्याकडे असंच बघितलं होतं. मग किंमत विचारली. डॉलरमधला आकडा मी उगाच खरा सांगितला. काकांनी मनातल्या मनात हिशोब करून रुपये मोठ्याने उच्चारले आणि वर पुस्ती जोडली, “एवढ्यात आमच्याकडे नारळाची शंभर रोपं येतात.” जाता जाता आवाज खाली आणून म्हणाले, “त्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडचंही तसंच झालंय. साथ आहे.”

डॉक्टरकडचं झाड ब्लडगुड जातीचं जपानी मेपल आहे. ते सगळा उन्हाळाभर लालच असतं. न्यू जर्सीत दर चौथ्या अंगणात ते दिसतं, म्हणजे काकांच्या हिशोबाने अख्खं राज्य आजारी.

मला राग याचा येतो की ऑक्टोबरात हीच मंडळी गाड्या भरून व्हर्माँटला जातात. मरायला टेकलेल्या पानांसमोर पाच तास ड्रायव्हिंग करून फोटो काढतात, थर्मासमधला चहा पितात, ‘निसर्गाची उधळण’ लिहितात. आणि एप्रिलमध्ये तोच रंग, उलट त्याहून टवटवीत, दाराशी उभा असतो तर म्हणे कमतरता. मेपलच्याच कात्सुरा जातीची कडेला केशरी झाक मारणारी पिवळी पालवी, ऑरेंज ड्रीम जातीचा सोनेरी रंग, आणि शिन-देशोजोचा तो किरमिजी, जो फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी वर्षभर कुंडी सांभाळायची. दुपारचं ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात, म्हणून सावलीत सरकवायची. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. आणि पालवी फुटल्यावर एक रात्र जरी उशिराचं दव गोठलं तर सकाळी सगळं काळं. म्हणून मी थंडीच्या रात्री त्याच्यावर सोलापुरी चादर टाकतो. बायकोच्या माहेरची चादर आहे. त्या विषयावर आमच्या घरात वेगळी चर्चा चालू असते.

बायको म्हणे त्या वेळी घरातच होती. “ते इतक्या खात्रीने कापत होते, मला वाटलं तूच सांगितलंयस. मी चहा दिला त्यांना.” आलं घालून दिला होता.

आता खरी गंमत. हे नावाजलेले मेपल कलमी असतात. साध्या हिरव्या जपानी मेपलच्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. कलमाच्या सांध्याखाली खुंटाला नुकते दोन हिरवेगार फुटवे आले होते. काकांनी वरचं सगळं लाल काढलं आणि ते दोन फुटवे राखले. बांबूची काडी लावून सरळ बांधले. बांधायला माझ्याच चपलेच्या बॉक्समधला टिश्यू पेपर पिळून वापरला. म्हणजे हापूस छाटून टाकून खालचा रायवळ जपला, आणि हे करणारा माणूस पुण्याचा, ज्याच्या गच्चीत, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, सतरा जातींचे कलमी गुलाब आहेत.

वडीलधाऱ्यांना बोलायची सोय नाही. मी ग्रुपवर ‘धन्यवाद काका’ लिहिलं. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, जुन्या लाकडात सुप्त डोळे असतात, झाडात जोर असेल तर वरून पुन्हा फुटेल, पण खालचे फुटवे आधी काढ, नाहीतर सगळी ताकद तेच ओढतील. संध्याकाळी मी ते काढले. नेमके तेव्हाच काका दुसऱ्या फेरीवर निघालेले.

“अरेरे! अहो, निरोगी फांद्या काढल्यात तुम्ही!”

“काका, त्या खुंटाच्या होत्या.”

“मी वाचवलं होतं हो झाड.” त्यांचा स्वर खरोखर दुखावलेला होता. रात्री ग्रुपवर मेसेज: ‘आपण प्रयत्न करावेत. पुढे मालकाची मर्जी.’ त्यावर सगळ्यात आधी हात जोडले ते आमच्या डावीकडच्या शेजाऱ्याने. टाळ्या वाजवतानाही पहिला तोच होता.

या शेजाऱ्याच्या अंगणात डॉगवुडचं एक जुनं फुलझाड आहे. सध्या ऐन भरात. लोकांना त्याच्या पाकळ्या वाटतात त्या मुळात फुलाखालची पांढरी पानंच असतात. आज सकाळी काका फाटकाशी थांबले आणि विचारायला लागले, “त्यांच्या झाडाची पानं पांढरी पडलीत, तुमच्या लक्षात आलं का?”

“आलंय, काका. बरेच दिवस झाले.”

“सिकेटर द्याल जरा?”

दिलं. धार करून दिलं.