लॉकची सिरिंज फेकली म्हणून मिळालेल्या २ स्टारबद्दल

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. पेशंटचं नाव, आजार, तारखा इथे लिहिणार नाही, ते चारचौघात मांडायचं आमचं काम नाही. बाकीचं मोकळेपणी बोलतो.

तुमचं म्हणणं असं की शनिवारी बनवलेली अँटिबायोटिक लॉकची (डायलिसिस संपल्यावर कॅथेटरच्या नळीत भरून ठेवायच्या औषधाची) सिरिंज आमच्या फार्मसीने सोमवारी फ्रीजमधून काढून सरळ फेकली, नवीन बनवली, बिल परत लावलं, वर ४० मिनिटं ताटकळत बसवलं, आणि नेटवर तर व्हॅन्कोमायसिन-हेपॅरिन (अँटिबायोटिक आणि रक्त गोठू न देणारं औषध, लॉकमध्ये हेच दोन असतात) फ्रीजमध्ये कितीतरी दिवस टिकतं असं लिहिलंय, म्हणजे ही लूट आहे.

नेटवरचं खोटं नाहीये हो. पण तिथे मोजलेलं असतं ते औषधाची पॉवर किती उरली, गढूळ झालं का, खाली साका बसला का. आता बनवताना त्यात एखादा जंतू शिरला असेल तर तो त्या आकड्यात कुठे दिसणार? आणि "अँटिबायोटिकच आहे की, त्यात जंतू कसा वाढेल" हे आमच्याकडच्या नवीन पोरानेपण विचारलं होतं, तर व्हॅन्कोमायसिन स्टॅफ वगैरेला मारतं पण स्यूडोमोनाससारखे ग्रॅम निगेटिव्ह जंतू त्याला जुमानत नाहीत. परमकॅथचं, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या त्या कॅथेटरचं, टोक हृदयापाशी असतं दादा, तिथे सोडायच्या औषधात मी "बहुतेक ठीक असेल" यावर नाही चालत.

आमच्याकडे लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेत औषध बनवायचं टेबल) आहे, पण त्याच्याभोवती मोठ्या हॉस्पिटलसारखी क्लीनरूम (हवा गाळून स्वच्छ ठेवलेली खोली) नाही, खरं तेच सांगतो. अमेरिकेतला स्टराइल औषधं बनवण्याबद्दलचा यूएसपी ७९७ नियम अशा जागी बनवलेल्या सिरिंजला बाहेर १२ तास आणि फ्रीजमध्ये २४ तास देतो. पूर्ण क्लीनरूम असेल, सगळं साहित्य स्टराइल असेल तर तोच नियम फ्रीजमध्ये १० दिवसांपर्यंत जातो. म्हणजे औषध तेच, फ्रीज तोच, फक्त बनवायची खोली बदलली की मुदत बदलते. तो नियम आपल्याला लागू नाही, आम्ही आपणहून पाळतो आणि पाळणार.

तुम्ही विचारलंय की कॅथेटरमध्ये ते २-२ दिवस राहतं मग फ्रीजमध्ये का नाही. प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि औषध टिकण्याची खरी गरज तिथेच असते, अंगातल्या ३७ डिग्रीला, पुढच्या डायलिसिसपर्यंत. म्हणूनच आत जाताना ते ताजं हवं, आधीच ४८ तास शिळं झालेलं नको. शिवाय व्हॅन्कोमायसिन आणि हेपॅरिनचं प्रमाण चुकलं की दोघं मिळून दुधासारखं पांढरं होतं, ते बनवल्यावर उजेडात धरून बघावं लागतं, त्यात थोडा वेळ जातोच.

५०० मिलीग्रॅमच्या व्हायलमधलं लॉकला २०-२५ मिलीग्रॅमच लागतं, बाकीचं वाया जाताना मलाही जीवावर येतं, पण उरलेलं झाकून उद्याच्या पेशंटला वापरणं आमच्याकडे बंद म्हणजे बंद.

आता चूक. शनिवारची डायलिसिसची पाळी तुम्ही नाही चुकवली, आमचा आरओ प्लांट (डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा) बंद पडला म्हणून ती सोमवारवर गेली, आणि सिरिंज मात्र पोराने सकाळीच बनवून ठेवली होती. फेकली ते बरोबर केलं, बिल तुम्हाला लावलं ते चूक. ते पैसे परत देतोय. ४० मिनिटांचंही तसंच, डायलिसिस ४ तास चालतं आणि लॉक शेवटी लागतं, मग मशीन सुटल्यावर बनवायला घ्यायचं कारणच काय होतं? आता पेशंट मशीनवर असताना शेवटच्या तासात बनवतो, आधी नाही आणि नंतरही नाही, आणि लेबलवर तारखेसोबत बनवल्याची वेळपण टाकतो, ती तुम्ही स्वतः बघून घ्या.

काउंटरवरचा मुलगा "नियम आहे" एवढंच बोलून आत निघून गेला त्याबद्दल सॉरी. पुढच्या पाळीला याल तेव्हा माझ्याकडून पैसे घेऊन जा, बिल सापडलं नाही तरी चालेल, रजिस्टरला एंट्री आहे.