खुलासा : 'फायबरची बोट कुजत नाही' हे अर्धंच खरं

बेळगाव-खानापूर भागात एक मेसेज फिरतोय : फायबरची शिडाची बोट कुजत नाही, कारवार-गोव्याकडे तीस वर्षांची मिळाली तरी डोळे झाकून घ्या.

फायबर कुजत नाही, कबूल. पण बऱ्याच जुन्या बोटींचा डेक नुसत्या फायबरचा नसतो. दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असतं, आणि कुजतं ते तेच. रेलिंगच्या खांबांचे बोल्ट ढिले झाले की भोकांतून पाणी आत मुरतं. खाऱ्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट. आपल्याकडचा पावसाळा उघड्यावर काढलेली बोट म्हणूनच संशयाची.

खानापूरचं मडकं घेताना बोटानं वाजवून बघतो ना, तसंच इथं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं वीत-वीत अंतरावर ठोकत जा. 'टक्' आलं तर ठीक; 'भद्द' वाजलं किंवा पायाखाली डेक दबला, तर तिथं खडूनं खूण करा. डोलकाठीचं बूड आणि तिच्या तारा अडकवायच्या पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, यांच्याभोवती दोनदा ठोका. चेनप्लेट स्टेनलेसची असली तरी डेकमध्ये दडलेला, ओलसर आणि हवा न लागणारा भाग आतून खाल्ला जातो. वरचा तुकडा मात्र चकचकीत! आतल्या बाजूला तांबूस ओघळ दिसला तर ती काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बोटीच्या बुडावर फायबरला आलेल्या फोडांचा मात्र उगाच बाऊ होतो. थोडेसे असतील तर भाव पाडून घ्या, बस्स. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या असतील तर नव्यांचा खर्चही किमतीतून वजा करा.